ताणलेला इंच

फसवणारा धुळ्याचा एक कंपाउंडर होता. फसलेल्या जळगावच्या चांगल्या घरच्या बायका होत्या. आणि या सगळ्यात तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आली ती एक चुडीवाली, जिचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता. सांगायचं ते आधीच सांगून टाकलं. नावं घेणार नाही. पण बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडी आधीची ती सकाळ मी विसरलेलो नाही, आणि विसरावी अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा मी जळगावातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. खात्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि परीक्षा देत देत फौजदार झालो. माझ्या पाठीशी कोणी काका-मामा नव्हता. वडील आठवडे बाजारांत कापड विकत. यावल, रावेर, सावदा, बाजार ज्या गावी असेल तिकडे गठ्ठा घेऊन जात. कापड मोजायचा लोखंडी गज धरायला मी. गिऱ्हाइकाशी घासाघीस कशी करायची ते मी शाळेत जायच्या आधी शिकलो. अंगठा सरकवून माप चोरणारे पुष्कळ, म्हणून वडील एक गोष्ट नेहमी सांगत, "गज बघू नको. गज धरणाऱ्याचा अंगठा बघ." पुढे पोलिसात मला जेवढं प्रशिक्षण मिळालं, त्यात याहून उपयोगाचं वाक्य मला सापडलं नाही.

माझा स्वभाव तापट. वरिष्ठ म्हणत, "तुमच्या डोक्यावर चहाचं आधण ठेवता येईल." मी म्हणे, "ठेवा साहेब, पण पाणी मापून ठेवा." असल्या उत्तरांची किंमत मी आयुष्यभर मोजली. तो भाग शेवटी येईल.

त्या सकाळी हजेरी संपवून मी टेबलाशी बसलो होतो. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. सराफ बाजाराकडच्या एका मोठ्या पेढीची शेठाणी आत आली. मागून त्यांचा मुनीम. आणि मुनिमाने दंडाला धरून ओढत आणलेली एक चुडीवाली. या लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लोकांची चार-पाच घरं तेव्हा आमच्या हद्दीत होती. मारवाडी घरांत लग्न निघालं की त्यांना बोलावणं यायचं. सुनेचा चुडा, सासूचा चुडा, सगळं त्यांच्याच हातचं. बाई चाळिशीची, काळीसावळी, बोटांच्या टोकांना लाखेच्या उष्णतेने पडलेले घट्टे.

"आधी तिचा हात सोडा," मी मुनिमाला म्हटलं. "हे ठाणं आहे, गुरांचा कोंडवाडा नाही."

शेठाणी खुर्चीवर बसल्या. पन्नाशीच्या, भरल्या अंगाच्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. चार दिवसांवर त्यांच्या मुलाचं लग्न होतं. मुलाच्या लग्नात आई नवा चुडा घालते, अशी त्यांच्यात रीत. मनगटापासून खांद्यापर्यंत चढत्या मापाची कडक वळी. आदल्या दिवशी घरात पाहुण्या बायका जमलेल्या असताना उजव्या हातातला जुना उतरवून नवा चुडा चढवायला घेतला. कोपरापर्यंत गेला. पुढे दंडात अडकला. जोर लावला आणि तडकला. सगळ्यांच्या देखत.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगतो, सवाष्णीचा चुडा तडकणं म्हणजे नुसती बांगडी फुटणं नव्हे. ते तिच्या नवऱ्यावरचं अरिष्ट मानतात. तेही मुलाच्या लग्नात. पाहुण्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी रडायलाही लागलं म्हणे.

"इसने जानबूझके छोटा बनाया," शेठाणी म्हणाल्या. "लाख वाचवली तिने. पैसे पूर्ण मापाचे घेतले. लिहा साहेब, फसवणूक लिहा. उद्यापासून आमच्या गल्लीत हिला कोणी दारात उभं करणार नाही."

चुडीवाली दंड चोळत उभी होती. गल्लीचं नाव निघालं तशी उसळली.

"बाई, मी दोरा लावते म्हटलं होतं की नव्हतं? आजवर तुमच्या दंडाला दोरा लावूनच केलं ना मी? या खेपेला तुम्हीच म्हणालात, दोरा नको, माप आलेलं आहे. आकडा तुम्ही दिला. मी त्या आकड्याचा केला."

"आकडा बरोबरच होता!"

"मग तुमच्या हातातला जुना चुडा बघा की! तो सैल झालाय का? जरा तरी हलतो का?"

शेठाणींचा उजवा हात नकळत डाव्या दंडावर गेला. जुना चुडा तिथेच होता, मांसात रुतलेला. वर्षानुवर्षं जिथे होता तिथेच. त्यांनी पटकन पदर ओढून घेतला.

मी तो हात पाहिला. आमचे हवालदार नाना, रावेरकडचे, माझ्या मागे उभे होते. त्यांनीही पाहिला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, माले वाटस, दोन्ही बाया खरं बोली राहिन्यात."

मलाही तेच वाटत होतं. आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतील तर तिसरं कोणीतरी खोटं बोलतंय. हा साधा हिशेब आहे. बाजारात घेणारा आणि विकणारा दोघेही प्रामाणिक असूनही भांडण लागलं, तर गज तपासायचा असतो.

"शेठाणी, हा आकडा दिला कोणी?" मी विचारलं.

"घरी मोजला."

"कशाने?"

त्या भिंतीकडे बघू लागल्या. मुनीम खोकला. मग मुनीम म्हणाला, "साहेब, शेठजींनी मोठ्या साहेबांना फोन केलाय. आपण तक्रार लिहून घ्यावी."

तो बोलतोय तोवर टेबलावरचा फोन वाजला. मोठे साहेबच होते. "अहो, त्या चुडीवालीवर गुन्हा दाखल करा आणि तिला आत घ्या. लग्नघर आहे, उगाच ताणू नका."

माझं डोकं फिरलं. पण मी आवाज चढवला नाही. घासाघीस करताना ओरडतो तो हरतो. मी म्हटलं, "साहेब, गुन्हा दाखल करतो, पण खटल्यात शेठाणींना साक्षीला उभं राहावं लागेल. दंडाचं माप कोर्टात सगळ्यांसमोर घ्यावं लागेल. शेठजींना चालेल का, एवढं विचारून घ्या."

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली. मग, "लग्न होऊ द्या. मग बघा. तोपर्यंत तिला रोज हजेरी लावा."

तेवढी मुदत मला पुरेशी होती. सौद्यात मी मुदत मिळवली होती, आणि दुकानदाराला वाटत होतं की तोच जिंकला.

शेठाणी गेल्यावर चुडीवालीला मी बाकावर बसवलं, चहा दिला. ती पेल्याला हात लावेना. म्हणाली, "साहेब, तुम्ही कोंडलं तरी दोन दिवसांत सोडाल. त्या गल्लीने दार लावलं तर माझ्या भट्टीत परत लाख वितळणार नाही. माझ्या सासूपासून ती घरं आमची आहेत. सून माझी आत्ता कुठे हात बसवतेय."

खरी गोष्ट तीच होती. तुरुंगाची तिला भीती नव्हती. त्या दारांची होती. या प्रकरणात काही पणाला लागलं असेल तर ते हे.

"असे आकडे दिलेली आणखी कोणी घरं आहेत?" मी विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "दोन आहेत. त्यांचेही अडकले. पण ते तडकले नाहीत, मी परत शेगडीवर ऊब देऊन मोठे करून दिले. तेव्हा मला वाटलं, माझाच हात चुकला असेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "साहेब, तिन्ही घरच्या बायका त्या स्टेशनकडच्या पट्टेवाल्याकडे जातात. कंबर हलवायच्या मशिनीवाल्याकडे."

हीच माझी खबर. ठाण्यात चालून आलेली, आणि तीही आरोपीच्या तोंडून.

स्टेशन रस्त्यावर एका माडीवर काही महिन्यांपूर्वी एक सौंदर्य केंद्र सुरू झालं होतं. उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळी गेली होती. दारावर धुळ्याच्या एका नामांकित डॉक्टरांची पाटी, खाली त्यांच्या पदव्या. रंगीत पत्रक घरोघर वाटलेलं. नानांनी एक पैदा केलं. मजकूर असा: मांड्या, नितंब व दंड यांवरील खळगे, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी त्वचा, शस्त्रक्रियेशिवाय, औषधाशिवाय, वेदनेशिवाय सपाट. परदेशी कंपन पट्टा. लाकडी दातेरी रोलर. समुद्रतळाच्या मातीचा गरम लेप. प्रत्येक भेटीत आपल्या डोळ्यांदेखत माप.

मी ते दोनदा वाचलं. 'डोळ्यांदेखत माप' या शब्दांपाशी थांबलो. खरा माल विकणारा गिऱ्हाइकाला कापड चोळून बघायला सांगतो. गज डोळ्यांदेखत नाचवतो तो वेगळा असतो.

आता अडचण कळेल. त्या काळी आमच्या ठाण्यात एकही स्त्री पोलीस नव्हती. आणि माडीवर पुरुषाला प्रवेश नव्हता. दारूच्या धाडीत आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवत असू. इथेही तेच करायचं. पण पाठवायचं कोणाला?

मी घरी गेलो. बायको भाकरी थापत होती. मी जरा फिरवून फिरवून सांगितलं.

"म्हणजे मी जाडी आहे, हे सांगायला सबंध ठाणं लागलं का?" ती म्हणाली.

"सरकारी काम आहे."

"सरकारला माझ्या मांड्या कशाला हव्यात?"

"अगं, फक्त दंड."

"मग मांड्यांवर खळ्या आहेत त्याचं काय? त्या माझ्या आजीला होत्या, आईला आहेत. त्यांना कोणी पट्टा लावला नाही, तरी त्यांनी दहा-दहा बाळंतपणं निस्तरली." भाकरी तव्यावर टाकून तिने विचारलं, "खर्च कोण देणार?"

"मी."

"मग जाते. पण माझ्या अटीवर."

अट तिने घातली ती माझ्या डोक्यात आली नव्हती. तिच्याकडे तिच्या आईची चांदीची वाकी होती, मळसूत्राची, दंडात घालायची. ती घालून, एका ठरावीक तिळापाशी बसवून, मळसूत्राचे आटे मोजून ती पहिल्या दिवशी गेली. म्हणाली, "त्याची टेप काही सांगो. मला माझी वाकी सांगेल."

नवरा फौजदार आहे हे तिने सांगितलं नाही. भुसावळच्या रेल्वेतल्या बाबूची बायको म्हणून गेली. परत आल्यावर तिने सगळं सांगितलं ते असं. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ, सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. खरे पाटीवरचे डॉक्टर फक्त आठवड्यातून एकदा, तासाभरासाठी धुळ्याहून येतात. पडद्याआड एक नर्सबाई. आत पट्ट्याचं मशीन. पट्टा कमरेखाली लावायचा, बटण दाबलं की सगळं अंग थरथरतं. "दात वाजले माझे," ती म्हणाली. "खालच्या पिठाच्या गिरणीचा आणि याचा आवाज एकच. मोटर तीच असणार." मग रोलर, मग गरम मातीचा लेप, वर फडकं गुंडाळून झोपवायचं.

"बरं वाटलं का?"

"झोप छान लागली," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "त्वचाही तासभर ताठ राहिली. लेप सुकला की ताणतेच. धुतला की गेलं."

मापाची गंमत वेगळीच होती. पांढऱ्या कोटातला गृहस्थ बायकांच्या मांडीला हात लावत नसे. ते माप नर्सबाई पडद्याआड परकराच्या वरून घेई. दंडाचं माप मात्र हा स्वतः, बाहेर, सगळ्यांसमोर घेई आणि मोठ्याने आकडा सांगे. बसलेल्या बायका वा-वा करत. "आणि निघताना बजावतो," बायको म्हणाली, "घरी मापू नका, शरीर दिवसभर फुगतं, माप चुकतं." तशीही भरल्या घरात कुठली बाई मांडीला टेप लावून बसणार?

तीन भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीत त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, दंड अर्ध्या इंचाहून जास्त उतरला. बायको घरी आली, वाकी त्याच तिळापाशी, तेवढेच आटे. केसभर फरक नाही.

"आज टेप कुठल्या खिशातून काढली?" मी विचारलं.

तिने डोळे मिटून आठवलं. "पहिल्या दिवशी उजव्या. आज डाव्या."

त्या क्षणी मला वडिलांचं अंगठ्याचं वाक्य आठवलं, आणि मी एवढ्या मोठ्याने हसलो की शेजारचे डोकावले.

दुसऱ्या दिवशी धाड घातली. वजनमाप निरीक्षकांना प्रमाणित मीटर घेऊन बोलावलं. पंच म्हणून एक निवृत्त शिक्षिका आणि पोस्टातल्या एक बाई. आधी त्या दोघी आत गेल्या, बायकांनी कपडे सावरले, मग आम्ही. कोटाच्या उजव्या खिशात एक टेप, डाव्या खिशात एक. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. पंचनामा केला, दोन्ही टेपा वेगवेगळ्या पाकिटांत घालून निरीक्षकांच्या आणि पंचांच्या सह्या घेतल्या. प्रमाणित मीटरशी लावून पाहिलं तर उजवी बरोबर. डावीचा प्रत्येक इंच लांबलेला.

आत तीन-चार बायका होत्या. एकीने मला हळूच विचारलं, "साहेब, म्हणजे माझं काहीच कमी झालं नाही का?" मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, "ताई, तुमचं काही जास्तही नव्हतं." आजही वाटतं, नोकरीत मी बोललेल्या बऱ्या वाक्यांपैकी ते एक असावं.

ठाण्यात पांढऱ्या कोटवाल्याला समोर बसवलं; तो पाटीवरच्या डॉक्टरांचा धुळ्याचा कंपाउंडर निघाला. हुशार माणूस. घामही नाही. नर्सबाईने आधीच हात वर केले होते, साहेब, हे देतील त्या टेपने मी मोजते. पण टेप जाणूनबुजून बदलली हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं. मारझोड मी करत नसे. मारलेला माणूस काहीही बोलतो, आणि कोर्टात उलटतो. मी सौदा करत असे.

निरीक्षक आणि पंच अजून बसलेलेच होते. त्यांच्या समक्ष पाकिटं उघडून मी दोन्ही टेपा टेबलावर पसरल्या. "यातली कुठली घेऊ?"

"दोन्ही सारख्याच आहेत साहेब. एक जुनी झाली, कापड आहे, थोडं ताणतं. यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही म्हणतोस?"

"लोकांना बरं वाटतं. मालिश होतं, रक्त फिरतं. वाईट काय?"

"काहीच नाही. मालिशचे पैसे मालिशचे घेतलेस तर मी स्वतः येईन. इंचाचे पैसे का घेतलेस?"

तो हसला. मी उठलो. उजवी टेप घेतली आणि त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली. "नाना, लिहा. बावीस इंच." मग डावी गुंडाळली. "लिहा. एकवीस."

नाना पेन्सिल थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. "आरे बाप! पट्टा न लावताच बारीक व्हई ग्या हाऊ!"

पोस्टातल्या बाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. सगळं ठाणं हसलं. बाहेरचा पहारेकरीसुद्धा. आणि कंपाउंडरचा चेहरा पहिल्यांदा उतरला. माणूस शिव्या सहन करतो, दरडावणी सहन करतो. हसण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. पोलिसांनी हे लक्षात ठेवावं.

मी खुर्ची जवळ ओढली. "आता ऐक. माझ्याकडे दोन वस्तू आहेत. एक, ठकवणुकीचं कलम. दुसरं, खोटं माप वापरण्याचं कलम. धान्याच्या आडतीवर लावतात ते. उद्या गावभर होईल की बायकांच्या मांड्या मोजणाऱ्यावर खोट्या गजाचं कलम लागलं. तू धुळ्याला परत कसा जाशील ते बघ. की खरं सांगतोस?"

"सांगितलं तर काय मिळेल?"

"तुझ्याबरोबर जो दुसरा आहे, तोही तुझ्या शेजारी उभा राहील. एकट्याने हसं करून घेणार नाहीस."

तो गडी घासाघीस ओळखणारा होता. टेबलावर कोपरं टेकून बोलू लागला. टेप रात्री पाण्यात भिजवायची, खुंटीला टांगून खाली वजन बांधायचं, ओलीच इस्त्री करायची. ही युक्ती त्याची. पण 'मापाशिवाय गिऱ्हाईक टिकणार नाही, माप उतरलं पाहिजे' हा हुकूम पाटीवरच्या डॉक्टरांचा. केंद्र त्यांचं. निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा. पट्ट्याने, रोलरने, मातीने खळ्या जात नाहीत, तासभर दिसेनाशा होतात, हे डॉक्टरांनी स्वतः त्याला समजावून सांगितलेलं. "ते डॉक्टर आहेत साहेब, त्यांना माहीत होतं. मी तर कंपाउंडर. मला वाटायचं, थोडा तरी फरक पडतच असेल."

हे सगळं मी लिहून घेतलं. पोलिसासमोरचा जबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर द्यायची तयारी त्याच्याकडून करून घेतली. त्याने दिलाही.

एकच गोष्ट राहिली होती, आणि तीच सगळ्यात अवघड. फिर्याद. बनावट गिऱ्हाईक म्हणून गेलेली फौजदाराची बायको एकटी पुरणार नव्हती. खरी फसलेली एक बाई पुढे यायला हवी होती. तीन घरांत गेलो. तिन्ही घरांत चहा मिळाला आणि नकार मिळाला. 'आमच्या घरच्या बाया असल्या ठिकाणी जात नाहीत.'

शेठाणींकडे मी शेवटी गेलो. लग्न पार पडलं होतं. मांडवाचे बांबू अंगणात पडलेले. त्या ओसरीवर बसल्या. मी दोन्ही टेपा एक एक करून, पडद्यामागे त्यांच्या सुनेच्या हातात दिल्या आणि म्हटलं, सासूबाईंना आत बोलावून त्यांचा दंड माप. आतून आधी एक आकडा आला. मग दुसरा. तो अर्ध्या इंचाने कमी.

शेठाणी बाहेर आल्या तेव्हा पदर कपाळावरून थोडा मागे गेला होता.

"ती चुडीवाली रोज ठाण्यात येते?" त्यांनी विचारलं.

"येते. मोठ्या साहेबांचा हुकूम आहे. आणि गल्लीत जात नाही. जाऊ शकत नाही."

"आकडा त्या पट्टेवाल्याचा, आणि मी तिला चोर म्हटलं." मग ओसरीवर टेकत, "साहेब, या वयात मांड्या सपाट करायला गेले होते, हे कोर्टात सांगावं लागेल?"

"लागेल."

"लोक हसतील."

"हसतील. पण आत्ता लोक तिच्या तोंडावर दार लावतात."

आतून शेठजींचा आवाज आला, हे काही करायचं नाही म्हणून. शेठाणी वळल्या. मारवाडीत काय म्हणाल्या ते मला पूर्ण कळलं नाही, पण शेठजी परत बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चुडा तडकला तो माझ्या अकलेने. त्या बाईच्या लाखेने नाही. लिहा."

फिर्याद लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन दूधवाल्यांच्या वेळी, शेठाणींनी चुडीवालीला घरी बोलावलं. आत नव्हे, बाहेर ओट्यावर, सगळी गल्ली बघेल अशा जागी बसवलं. शेगडी पेटवायला लावली. हात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "दोरा लाव."

मी समोरच्या पानाच्या दुकानाशी उभा होतो. चुडीवालीने दोरा लावला, दातांनी तोडला. लाख शेगडीवर मऊ केली, वळवली. दुपारपर्यंत चुडा खांद्यापर्यंत चढला, कुठेही न अडता. समोरच्या घरातली सून उतरून आली आणि म्हणाली, "आक्का, आमच्याकडेही येऊन जा." चुडीवालीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला वेळ नव्हता. नोकरीत मला पदकं मिळाली असतील-नसतील, पण ती सकाळ मी कुठल्याही पदकाशी बदलणार नाही.

खटला चालला. बचावाच्या वकिलांनी शेठाणींना विचारलं, "आपल्याला त्या ठिकाणी जाण्याची गरज का वाटली?" शेठाणी ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मिसेसला विचारा. त्या माझ्या शेजारच्या खाटेवर लेप लावून पडल्या होत्या." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी शांतता राखायला सांगितलं, पण स्वतःचा हातरुमाल तोंडाशी धरला होता. निरीक्षकांनी प्रमाणित मीटर लावून दोन्ही टेपा दाखवल्या. माझ्या बायकोने वाकी दाखवली. कंपाउंडरला दोन्ही कलमांखाली शिक्षा झाली. माडीवरची पाटी उतरली. पुढे कोणीतरी मला 'मांड्यांचा फौजदार' म्हणू लागलं. मला राग आला नाही. गुन्हा सिद्ध केला होता मी.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणूस स्वतःच्या दंडातल्या चुड्यापेक्षा परक्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. कारण चुडा स्तुती करत नाही. बायकांच्या मांडीवरच्या खळ्या हा काही रोग नाही, माझ्या बायकोने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आपल्या अंगाची लाज वाटणाऱ्याला लुटणं सगळ्यात सोपं, कारण तो ओरडत नाही. आणि ओरडायला पहिली बाई उभी राहिली की ठक संपतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण मी हिशेब अर्धा सोडणारा माणूस नाही.

मी तयार केलेल्या दोषारोपपत्रात दोन आरोपी होते. वरून परत आलं तेव्हा त्यात एक होता. पाटीवरच्या डॉक्टरांचं नाव आरोपींतून उचलून साक्षीदारांत टाकलेलं. 'आपल्या नावाचा गैरवापर झाल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.' कंपाउंडरने मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला जबाब? सहआरोपीचा म्हणून बाजूला. डॉक्टरसाहेब कोर्टात आले, पाच मिनिटं साक्ष दिली, मोटारीत बसून गेले. कंपाउंडरला मी दिलेला शब्द खोटा पडला. तुरुंगात जाताना तो मला म्हणाला, "साहेब, तुम्ही पण डाव्या खिशातली टेप काढली." मी वर जाऊन भांडलो. महिन्याभरात रावेरच्या बाजूला एका दूरक्षेत्रावर, म्हणजे लहानशा चौकीवर, बदली झाली, केळीच्या ट्रकांना शिट्टी मारायला. शाबासकीचं पत्र आलं, ते दुसऱ्याच्या नावाने.

त्या पत्राचं मला काही नाही. बदलीचंही नाही. त्या गावात केळी चांगली मिळाली आणि भाव पाडून मिळाली.

पण डॉक्टरसाहेब, तुम्ही अजून आहात. तुमच्या नावाचं रुग्णालय आहे, नातवंडं परदेशात आहेत, सत्कार होतात. खळ्या जात नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. माप उतरलंच पाहिजे, हा हुकूम तुमचा होता. तुमच्या पाटीच्या भरवशावर त्या बायका ती माडी चढल्या, आणि एका चुडीवालीची रोजी जवळजवळ गेली. आणि ज्यांनी तुमचं नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवलं, त्यांनाही मी विसरलेलो नाही. कोणाच्या सांगण्यावरून सरकवलं, तेवढं एकदा चारचौघांत सांगा.

वडिलांचा लोखंडी गज अजून माझ्या कपाटात आहे. तो भिजवून ताणता येत नाही. कधीही या, समोर बसा, आणि उत्तर द्या.